राणीसरकारांच्या आवडीचे बारा पदार्थ

अर्जावर एकच प्रश्न होता आणि त्याखाली बारा रिकाम्या ओळी. 'राणीसरकारांच्या आवडीचे बारा पदार्थ लिहा.' प्यो मान-सोक यांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि मध्ये एकदाही न थांबता बाराच्या बारा ओळी भरून काढल्या. लेक दाहे सोलच्या गाडीची वेळ बघत दारात उभी होती. आईला एकदा विचारून घ्या हवं तर, असं ती म्हणाली. मान-सोक नुसते हसले. एकतीस वर्षं त्यांनी देगूच्या कापडगिरणीत माल तपासला होता. दिव्याखालून कापड सरकत असताना हजार धाग्यांतला एक सुटलेला धागा त्यांना दिसायचा, आणि तो दिसला की 'निर्दोष'चा शिक्का हातातच राहायचा. असा माणूस तेहतीस वर्षं एका बाईसमोर बसून जेवला होता. त्याने आणखी विचारायचं काय?

एरवी मान-सोक कुठले अर्ज बिर्ज भरणारे नव्हते. पण वेळच तशी आली होती. शरदाच्या सणाला पूर्वजांच्या ताटासाठी धिरडी तळताना त्यांच्या बायकोने, नो यॉन-सिलबाईंनी, तव्यावरची नजर न हलवता सांगून टाकलं होतं की ही आपली शेवटची धिरडी. समुद्रकाठच्या तोंग्यंगला बाईंच्या थोरल्या बहिणीचा कालवं सोलण्याचा धंदा होता. तिच्या वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली बाईंनी भाड्याने घेतली होती. घटस्फोट नाही, भांडण नाही. हल्ली तिकडे याला लग्नाची पदवी घेणं म्हणतात. साठी झाली की मी पास, तुम्ही इथे, मी तिथे, सणावारी भेटू, असा एकूण बेत होता. माझं काय चुकलं, असं मान-सोक यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा, धिरडं उलटायचंय."

तेव्हापासून एक तपकिरी बॅग जोड्यांच्या कपाटाशेजारी भरून ठेवलेली होती. रोज सकाळी फिरायला जाताना मान-सोक यांना ती ओलांडून जावं लागे. बाईंची साठी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी येत होती आणि तोंग्यंगची बस सोमवारची होती.

तेव्हा दाहेने हा मार्ग काढला. सुसोंग तलावाच्या काठी 'राणीमहाल' नावाचं उपाहारगृह निघालं होतं. तिथे फक्त बायकांनी जेवायचं. आत गेलं की रेशमी झगा, डोक्यावर केसांचा मोठा टोप, आणि दिसायला बरी असलेली तरुण मुलं दरबारी पोशाखात पुढे-मागे. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : 'इथे बाईने उठायचं नाही.' सण संपला की सुनांच्या झुंडी तिथे जात आणि पुढे महिनाभर जागा मिळत नसे. पुरुषाला आत शिरायचा एकच रस्ता होता. त्याने आपल्या बायकोचा खोजा म्हणून हिरवा झगा घालून यायचं, आणि पूर्वीच्या राजवाड्यात विषाच्या भीतीने करत तसा प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखून मोठ्याने सांगायचं, 'निर्दोष आहे, राणीसरकार.'

हिरव्या झग्याचं ऐकून मान-सोक उठून जायच्या बेतात होते. शेवटचं वाक्य ऐकलं आणि खाली बसले. तो शब्द त्यांचा स्वतःचा होता.

अर्ज पोचला आणि दुसऱ्याच दिवशी महालाच्या व्यवस्थापिकेचा, गुकबाईंचा फोन आला. आवाज मधाळ, पण त्यात काळजी होती.

"प्योसाहेब, तिसऱ्या ओळीत आपण किंबापची टोकं लिहिलंय. टोकं म्हणजे नेमकी कुठली?"

"भाताची सुरळी कापताना दोन्ही बाजूंनी वेडीवाकडी निघतात ती. भाजी बाहेर लोंबणारी. मधल्या चकत्यांना ती हातसुद्धा लावत नाही."

"पण एका सुरळीला दोनच टोकं येतात हो. ताटभर करायची तर दहा सुरळ्या वळायला लागतील. मग मधल्या चकत्यांचं मी काय करू?"

हा प्रश्न मान-सोक यांना कधी पडलाच नव्हता. त्यांच्या घरी मधल्या चकत्यांचं जे व्हायचं ते आपोआप होत असे.

दुसरा फोन नासपतीचा होता. मऊ पडलेली, डागाळलेली बाजू असं अर्जावर लिहिलं होतं, आणि महालात येणारी नासपती एकजात चांगली. मान-सोक यांनी इथे आपला सगळा अनुभव पणाला लावला. आजच्या आज एक नासपती कमरेइतक्या उंचीवरून लाकडी जमिनीवर सोडायची. फरशीवर नको, फुटेल. शनिवारपर्यंत डाग हवा तसा तपकिरी होईल. तेवढ्यात गुकबाईंनी धिरड्यांचंही विचारून घेतलं. फाटलेली हवीत की जळलेली?

"दोन्ही. पहिलं फाटतं आणि शेवटचं जळतं. ती दोन तिची."

तिसऱ्या फोनला मात्र गुकबाई अडल्या. बाराव्या ओळीत वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सूप होतं, आणि पुढे कंसात 'स्वतः करते'. दुसऱ्या कुणी केलेलं तिने आजवर खाल्लेलं नाही, असं मान-सोक यांनी ठणकावून सांगितलं, आणि ते खरंच होतं. बाईंना कुणी ते करून घातलेलंच नव्हतं. पण महालात राणीने उठायचं नाही हा तर मूळ नियम. शेवटी मान-सोक यांनीच तोडगा सुचवला, की शेगडीच ताटाशेजारी आणून ठेवा, म्हणजे बसल्या बसल्या करेल. गुकबाईंनी खाली जाऊन आचाऱ्याला सांगितलं, की जुन्या खानदानी घरातली माणसं दिसतात, चवी फार बारीक आहेत. आचारी राजघराण्याचा स्वयंपाक शिकलेला. तो दोन दिवस घुश्शात होता. धिरडं मुद्दाम जाळायला गेलं की त्याच्या हातून नेमकं सोनेरीच उतरे, आणि अशी सोनेरी धिरडी टोपलीत साठत चालली होती.

शनिवारी दुपारी यॉन-सिलबाई महालाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना फक्त 'जेवायला जाऊ' एवढंच माहीत होतं. दोघा तरुणांनी त्यांचा कोट उतरवून घेतला, निळा रेशमी झगा चढवला, डोक्यावर टोप बसवला. ललकारी देणाऱ्याने नाव विचारलं. बाई सवयीने म्हणाल्या, "दाहेची आई." तो अदबीने म्हणाला की लेकीचं नको, राणीचं नाव हवं. बाईंना ते सांगायला क्षणभर लागला. मग ढोल वाजला आणि सगळ्या दालनाला ऐकू गेलं, की नो यॉन-सिल राणीसरकार येत आहेत.

मान-सोक यांनी हे नाव दवाखान्याच्या खिडकीवर पुकारतात तेवढं सोडलं तर फारसं ऐकलं नव्हतं. ते मागून हिरव्या झग्यात चालत होते. बाह्या हातांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या आणि टोपी कानांवर आली होती. ताटाजवळ गुडघे टेकले तेव्हा दोन्ही गुडघे कडाडले. बाईंनी वळून पाहिलं आणि सणापासून पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. बॅग सोमवारी रिकामी होणार याबद्दल मान-सोक यांना शंका उरली नाही.

दालनात दहाएक ताटं मांडलेली होती. परीक्षा संपलेल्या कॉलेजच्या मुली होत्या, डोंगर चढायला जाणाऱ्या बायकांचा एक घोळका होता, आणि कोपऱ्यात नातींनी आणलेली ऐंशीच्या घरातली एक पांढऱ्या केसांची आजी टोप सावरत बसली होती. पहिलं झाकण उचललं गेलं आणि ललकारी देणारा राजवाड्याच्या सुरात ओरडला, "पहिला पदार्थ! भांड्याच्या बुडाची खरवड. प्योसाहेबांनी तेहतीस वर्षं पाहून स्वहस्ते लिहिलेली यादी!"

मुली फिसकन हसल्या. मान-सोक यांनी खरवडीचा तुकडा मोडून चावला. कडक होता, पण खमंग होता. "निर्दोष आहे, राणीसरकार," त्यांनी गिरणीतल्या आवाजात सांगितलं. त्यामागून माशाचं शेपूट आलं, 'मधला भाग वगळून' अशा ललकारीसह. मान-सोक यांच्या पुढ्यात आजवर मासा आला तो मधलाच, आणि काटे काढलेला. शेपटात काटे किती असतात हे त्यांना हिरडीत एक घुसल्यावर कळलं. तोंडात बोट घालून त्यांनी निर्दोष म्हटलं. मग किंबापची टोकं, मग फाटकं धिरडं, मग जळकं. ते तोंडात धरवेना इतकं कडू होतं. आचाऱ्याने सोळाव्या खेपेला ते साधलं होतं.

एव्हाना हसणं विरळ झालं होतं. डोंगरवाल्या बायका आपापल्या ताटाकडे बघत होत्या. पाणी घातलेला शिळा भात आला तेव्हा कोपऱ्यातल्या आजीने चमचा खाली ठेवला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "हे ताट मी ओळखते."

मान-सोक यांनी बायकोकडे पाहिलं. बाई खात नव्हत्या. समोर मांडलेल्या वाट्यांवरून त्यांची नजर एकेक करत सावकाश फिरत होती. ती रागाची असती तर मान-सोक यांना बरं वाटलं असतं. भात त्यांनी गिळला. नोव्हेंबरातलं गार पाणी दातांतून थेट डोक्यात गेलं, आणि ती हे थंडीतसुद्धा ओट्याशी उभ्या उभ्या का खाते, असं त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं.

आणखी काही पदार्थ झाले आणि मग नासपती आली. डाग अगदी सांगितल्याबरहुकूम तपकिरी पडला होता. मान-सोक यांनी फोड तोंडात घातली. ती मऊ होती, आंबूस होती, आणि तिच्यात नासपतीचं असं काहीच उरलं नव्हतं. शेजारचा तरुण नेहमीच्या वाक्याची वाट पाहत थांबला. मान-सोक यांनी तोंड उघडलं. गिरणीत मालकाच्या सख्ख्या भावाचा माल आला होता तेव्हासुद्धा त्यांनी खोटा शिक्का मारला नव्हता. आताही तो शब्द काही केल्या बाहेर येईना.

"हे पास होत नाही," ते म्हणाले.

अशा वेळी काय करायचं हे तरुणांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ललकारी देणाऱ्याने आपल्या कर्तव्याप्रमाणे ते वाक्य सगळ्या दालनाला ओरडून सांगितलं.

यॉन-सिलबाईंनी टोप दोन्ही हातांनी धरून मान वळवली. "तुम्हाला हे सगळं दिसत होतं?"

"हो," मान-सोक म्हणाले. त्या वेळीही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान राहिलाच. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. माझ्या आईने तुला नासपती चिरायला दिली होती. चांगल्या फोडी बशीत लावल्यास आणि डागाची बाजू स्वतः खाल्लीस."

"मला वाटायचं, तुम्हाला दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला दिसत नाही त्याच्यावर काय रागवायचं? तेवढ्यावर मी तेहतीस वर्षं काढली."

"मला वाटलं, तुला आवडतं."

"विचारलंत कधी?"

मान-सोक यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सगळी तेहतीस वर्षं दिव्याखालून सरकवून पाहिली. "नाही," ते म्हणाले. त्यांना फार लाज वाटली, आणि झग्यामुळे ती आणखी वाटली.

नेमकी त्याच वेळी दोघांनी शेगडी आणून ठेवली. पातेलं, भिजवलेलं शेवाळ, डाव, सगळं जागच्या जागी. बारावा पदार्थ राणीसरकार स्वतः करतात, असं दबक्या आवाजात जाहीर झालं. पातेल्यातलं पाणी उकळत होतं. बाईंचा हात रेशमी बाहीतून बाहेर आला आणि सवयीने डावाकडे गेला. सगळं दालन त्या हाताकडे बघत होतं. कॉलेजच्या मुली, डोंगरवाल्या, आजी, दारातून गुकबाई. हात डावापासून चार बोटांवर थांबला, थोडा वेळ तसाच राहिला आणि बाहीत परत गेला.

"गुकबाई," यॉन-सिलबाई म्हणाल्या, "या किंबापच्या मधल्या चकत्या कुठे आहेत?"

त्या आत होत्या. दहा सुरळ्यांच्या चकत्या, माशाचे मधले तुकडे, नासपतीच्या चांगल्या बाजू आणि न जळलेल्या सोनेरी धिरड्यांची टोपली. महालातली मुलं सकाळपासून त्यावर ताव मारत होती, तरी पुष्कळ उरलं होतं. बाईंनी सगळं बाहेर मागवलं. एक बशी कोपऱ्यातल्या आजीकडे पाठवली. मग त्या जेवायला बसल्या. आधी माशाचा मधला तुकडा, मग चकत्या एकामागून एक, कुणाला वाढायचं राहिलंय का हे न बघता. डोंगरवाल्यांपैकी एकीने आपल्या मैत्रिणींच्या ताटांचीही अदलाबदल सुरू केली.

पातेलं उतू जाऊ लागलं तेव्हा ते मान-सोक यांच्याच सगळ्यांत जवळ होतं. त्यांनी डाव उचलला. लांब बाह्या आधी शेवाळात बुडाल्या, मग त्यांनी त्या दातांत धरल्या. सोया सॉस एकदा घातला की दोनदा हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी आणखी एकदा घातला. बाईंनी चमचाभर चाखून पाहिलं.

"खारट झालंय," त्या म्हणाल्या, आणि वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

मान-सोक यांना आता सपाटून भूक लागली होती. त्यांना वाढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मधल्या चकत्या मागायचं धाडस होईना. टोकांची थाळी मात्र तशीच पडून होती. त्यांनी हळूच एक उचललं. त्याबरोबर बाईंच्या जेवायच्या काड्यांचा फटका बोटांवर बसला.

"ते माझं आहे."

"पण आत्ता तर..."

"टोकं मला खरंच आवडतात. लहानपणापासून. भाजी जास्त असते त्यात."

मान-सोक यांच्या डोक्यात सगळा गोंधळ झाला. "मग बाकीचं? खरवड? शेपूट?"

"ते आता तुम्ही तपासा," बाई म्हणाल्या आणि टोक तोंडात घातलं.

मान-सोक यांनी याचा अर्थ असा लावला की बॅग उघडली जाईल. तसं काही झालं नाही. सोमवारी ती त्यांनीच बसस्थानकापर्यंत उचलून नेली. बसच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी विचारलं, की मी कधी येऊ. एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. बाई म्हणाल्या, शनिवारी या, आणि येताना यादीतला एकच पदार्थ आणा.

शनिवारी त्यांनी एक नासपती नेली. बसमध्ये दोन तास ती मफलरात गुंडाळून मांडीवर धरली होती, कुठे आपटू नये म्हणून. खोलीत एक खिडकी होती, एक बसकं टेबल होतं आणि खालून कालवांच्या शिंपल्यांचा वास येत होता. बाईंनी सुरीला हात घातला तेव्हा मान-सोक यांनी ती त्यांच्याकडून मागून घेतली. आयुष्यात त्यांनी फळ सोललेलं नव्हतं. सालीबरोबर अर्धी नासपतीच निघाली. जे राहिलं त्याच्या चार फोडी झाल्या. त्या त्यांनी नीट बशीत लावून बाईंपुढे सरकवल्या. त्यांच्या हातात मधला गाभा उरला होता. टाकवेना, म्हणून ते तोच कुरतडत बसले. बिया चुकवाव्या लागत होत्या आणि दातांत कचकच लागत होती.

"तुम्हाला गाभा आवडतो?" यॉन-सिलबाईंनी विचारलं.

मान-सोक यांनी बशीकडे पाहिलं. फोडी चारच होत्या. नाही म्हटलं असतं तर तिने त्यातली एक नक्की इकडे सरकवली असती.

"हो," ते म्हणाले. "मला तोच आवडतो."

ते इतक्या सहज तोंडातून गेलं की मान-सोक चावायचे थांबले. यॉन-सिलबाईही थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. खालून बहिणीने काय झालं म्हणून हाक मारली तरी त्यांना उत्तर देता येईना. शेवटी डोळे पुसून त्यांनी खणातून राणीमहालाचा तो अर्ज काढला. जाताना गुकबाईंकडून त्यांनी तो मागून घेतला होता. तो उलटा करून कोऱ्या बाजूवर त्यांनी वर लिहिलं, 'प्यो मान-सोक यांच्या आवडीचे पदार्थ', आणि खाली पहिल्या क्रमांकावर 'नासपतीचा गाभा'.

"पुढच्या शनिवारी दोन आणा," पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या. "दोन्ही गाभे तुमचे."